कारण लिहा!

मुलीच्या शाळेत पालकसभेत ठराव आला : मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ग्रंथालयातून काढावी, मुलं बिघडतील. सूचकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी पडलो बँकेतला कारकून. चेक परत करायचा तरी आम्हांला कारण लिहून द्यावं लागतं! म्हणून आधी वाचलं.

कादंबरी २००४ सालची, काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. शिव्या आहेत, शिरोडकरकडे चोरून बघणंही आहे. पण ती दिसली की छातीत धडधडतं, एवढंच बिचाऱ्याचं पाप! बोकील त्याला हसत नाहीत नि उपदेशही करीत नाहीत. हीच पुस्तकाची ताकद. सभेच्या लेखी बहुधा हाच गुन्हा.

नववीत मीही एका सायकलीमागे दोन महिने सायकल हाणली होती. तेव्हा हे पुस्तक असतं, तर जगात आपण एकटेच नालायक नाही, एवढं तरी कळलं असतं.

पुढल्या सभेत हे सांगायला उभा राहिलो. शेजारी सौभाग्यवती होत्या. खाली बसलो. ठराव मंजूर!

घरी नववीतली कन्या गणिताच्या वहीआड ‘शाळा’च वाचत होती. “बाबा, तुम्ही काय बोललात?”

काय सांगणार? कारण न देता परत आलो होतो तो मीच!