मैदानाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात मुलीला कॉलेजे दाखवायला नेले होते. एका सरकारी विद्यापीठात खेळाडूंची नवी इमारत मोठ्या अभिमानाने दाखवण्यात आली. अर्थात बाहेरूनच, कारण आत प्रवेश फक्त संघाला. घरी येऊन फीचा तक्ता वाचला तर त्यात 'अ‍ॅथलेटिक्स फी' अशी स्वतंत्र ओळ! खेळा अगर न खेळा, भरायचीच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

माझा खेळाला विरोध नाही. शनिवारची फुटबॉल मॅच मीही चुकवत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. क्लेम्सन विद्यापीठाने २०१७ साली फुटबॉल संघासाठी साडेपाच कोटी डॉलर्सची इमारत उभारली. तीत घसरगुंडी, बोलिंग आणि मिनी-गोल्फसुद्धा आहे. हे कशासाठी? खेळाडूंना पगार द्यायला बंदी होती. मग चांगला मुलगा आपल्याकडे ओढायचा कसा? इमारत दाखवून! शेजाऱ्याने बांधली की आपणही बांधायची.

बर्कलीचे उदाहरण बोलके आहे. तिथले १९२३ सालचे स्टेडियम हेवर्ड भूकंपरेषेवरच उभे आहे. २०१२ साली त्याचे सुमारे ३२ कोटी डॉलर्सचे नूतनीकरण पूर्ण झाले. जमीन सरकली तर प्रेक्षागृहाचे काही भाग स्वतंत्रपणे हलावेत अशी रचना केली. इंजिनियर म्हणून मला तिचे कौतुकच वाटते. पैशांची रचना मात्र इतकी पक्की नव्हती. अनेक वर्षांच्या जागा आगाऊ विकून कर्ज फेडायचे ठरले होते, पण विक्री अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली. अखेर २०१८ साली निम्म्याहून अधिक कर्ज विद्यापीठाने क्रीडा विभागाकडून स्वतःच्या अंगावर घेतले. भूकंपापासून बचावाचा खर्च टाळता येत नव्हता, हे मान्य. पण तो फेडण्याची भिस्त तिकीटविक्रीच्या आशेवर ठेवायची?

२०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्स. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळाला, हे योग्यच झाले. परंतु जुन्या इमारतींचे हप्ते त्यामुळे थांबत नाहीत.

कोथिंबिरीची जुडी महागली की आपल्या लगेच लक्षात येते. फीच्या तक्त्यातली ही ओळ मात्र आपण न वाचताच चेक लिहितो. पुढच्या वेळी कॅम्पस पाहायला जाल तेव्हा एवढे जरूर विचारा: या इमारतीचे कर्ज किती, आणि ते कोण फेडते?