‘बोलतोय’ या क्रियापदाचा प्रश्न

‘मी अमुक बोलतोय’ ही वाक्यरचना मराठीत दूरध्वनीबरोबर रूढ झाली. बोलणारा दिसत नाही, म्हणून त्याने आधी आपले नाव सांगावयाचे, हा त्या रचनेचा हेतू. २००९ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’ या चित्रपटाने हीच रचना शीर्षकासाठी निवडली, आणि त्या निवडीत चित्रपटाचे आकर्षण व त्याचे अपयश ही दोन्ही एकाच वेळी सामावली आहेत. सतराव्या शतकातील एक राजा एकविसाव्या शतकातील मुंबईशी जणू तार जोडून बोलू लागतो, ही कल्पना चित्तवेधक आहे यात शंका नाही. परंतु तो कोणत्या मराठीत बोलतो, हा प्रश्न संतोष मांजरेकर दिग्दर्शित या चित्रपटाला एकदाही पडत नाही.

कथासूत्र सर्वपरिचित आहे. दिनकर मारुती भोसले हा मध्यमवर्गीय नोकरदार सर्वत्र अपमानित होतो. घरावर बांधकाम व्यावसायिकाचा डोळा आहे. मराठी कुळात जन्मल्याचीच त्याला खंत वाटू लागते. तेव्हा प्रत्यक्ष शिवाजीमहाराज त्याच्यासमोर प्रकट होतात, त्याला खडसावतात आणि त्याच्यातला पुरुषार्थ जागा करतात. सचिन खेडेकर यांनी दिनकरचा कोंडलेला संताप ज्या संयमाने उभा केला आहे, त्याला दाद द्यावी लागते. महेश मांजरेकर यांनी साकारलेले महाराज इतरांना दोष न देता प्रथम मराठी माणसाच्याच आळसावर बोट ठेवतात, ही गोष्टही चित्रपटाच्या पक्षी जमा धरली पाहिजे. चित्रपटाला लाभलेली अफाट लोकप्रियता निष्कारण नव्हती.

असे असूनही ऐतिहासिक व्यक्ती वर्तमानात आणणारी कथा म्हणून पाहता ही कृती निराशा करते. येथे आलेले महाराज कोठूनही आलेले नाहीत. दिनकर जी मराठी बोलतो तीच, थोडी भारदस्त करून, ते बोलतात. दिनकरला जे शब्द कळतात तेवढेच त्यांना ठाऊक असतात. आणि दिनकरच्या काळातील कोणताही शब्द त्यांना अडखळवत नाही. भाषेत अंतर नसेल तर काळातही अंतर उरत नाही. मग समोर उभा राहतो तो जिरेटोप घातलेला दिनकरच.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. सतराव्या शतकातील बोली आज कोणाला ऐकू येणार? उपलब्ध आहेत ती पत्रे, आणि ती चिटणिसांच्या लेखणीतून उतरलेली, ‘जाणिजे’सारख्या ठरीव लेखनसंकेतांनी बांधलेली. ती भाषा पात्राच्या तोंडी जशीच्या तशी घातली तर प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत उठून जाईल. आक्षेप रास्त आहे. परंतु संपूर्ण पुनर्रचनेची मागणी येथे कोणी करीत नाही. एखाददुसरा शब्द अडला तरी पुरे. ‘राजीनामा’ हाच शब्द घ्या. जुन्या दफ्तरी व्यवहारात त्याचा अर्थ राजीखुशीने लिहून दिलेला संमतिलेख असा होता. आज तो पदत्यागाचा कागद आहे. मंत्र्याने राजीनामा दिला हे ऐकून जुन्या काळच्या माणसाने ‘कशास राजी झाला?’ असे विचारले असते, तर विनोद साधला असता, आणि पदत्यागामागे कोणाची संमती असते हा आजचा प्रश्नही उघडा पडला असता. अशा कथेत विनोद आणि विचार दोन्ही याच फटीतून येतात.

नवल असे की, ज्या राजाला येथे बोलावले आहे त्याने भाषेचा प्रश्न स्वतः हाताळला होता. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. आणि रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेऊन फारसी-अरबी दफ्तरी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. राज्य चालवावयाचे तर कोणत्या शब्दांनी, हे ज्याला सुचले तो राजा आजच्या मुंबईत येऊन पाट्या वाचू लागला असता तर काय म्हणाला असता? मराठीपणाची चिंता वाहणाऱ्या चित्रपटाने ही संधी हातची घालवावी, याचे आश्चर्य वाटते.

उलट, ज्या शब्दाभोवती हा सारा विषय फिरतो तो ‘अस्मिता’ हा शब्द सामूहिक स्वाभिमानाच्या अर्थाने अर्वाचीन आहे. पातंजल योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक. साधकाने तो क्षीण करावयाचा असतो. सतराव्या शतकातील सुशिक्षितापुढे हा शब्द गौरवाने उच्चारला असता तर तो बुचकळ्यातच पडला असता.

हीच युक्ती अन्यत्र कशी हाताळली गेली, हे पाहण्याजोगे आहे. मिखाईल बुल्गाकोव्ह याने १९३० च्या दशकात लिहिलेल्या ‘इव्हान वासिल्येविच’ या नाटकात कालयंत्राच्या बिघाडामुळे झार इव्हान मॉस्कोतील एका सदनिकेत येतो आणि त्या इमारतीचा व्यवस्थापक झारच्या राजवाड्यात पोहोचतो. झारची जुनी धर्मग्रंथी वळणाची रशियन आणि व्यवस्थापकाची सोव्हिएत कचेरीची रशियन यांच्या टकरीतून हास्य उसळते, आणि दोघांचीही हुकूमशाही वृत्ती त्याच भाषांतून उघडी पडते. १९३६ मध्ये रंगीत तालमीनंतर त्या नाटकावर बंदी आली, ती अकारण नव्हे.

हिंदीतील ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) तर ‘मी शिवाजीराजे’च्या अगदी जवळचा. तेथील गांधीजीही कथेच्या शेवटापर्यंत एकट्या नायकालाच दिसतात. परंतु नायकाला जे ठाऊक नाही ते त्या गांधीजींनाही सांगता येत नाही, हे कथेतच चव्हाट्यावर येते. हे गांधीजी मुन्नाच्या मनातले आहेत, ही कबुली चित्रपट स्वतः देतो. शिवाय ‘गांधीगिरी’ हा शब्द! संताचे नाव आणि ‘दादागिरी’तला प्रत्यय यांच्या संकरातून कथेचा सारा गाभा एका शब्दात उतरला. दिनकरच्या कथेने भाषेला असा एकही शब्द दिला नाही.

मराठी रंगभूमीने मात्र तीनच वर्षांनी यावर उत्तर शोधले. संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या, राजकुमार तांगडे लिखित व नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) या नाटकात यम महाराजांना न्यावयास येतो आणि विचार मात्र वाटेत हरवतात. ते शोधत तो भीमनगरात पोहोचतो. राजा रंगमंचावर मिरवत नाही. त्याच्याविषयी बोलतात ती मराठवाड्याच्या बोलीत बोलणारी माणसे. ज्याचे बोलणे आपण ऐकलेले नाही त्याच्या तोंडी शब्द घालण्यापेक्षा त्याच्यावरून भांडणाऱ्यांना बोलू द्यावे, ही या नाटकाची समज आहे. चित्रपटाच्या भव्य दृश्यांपेक्षा ती कितीतरी प्रौढ आहे.

चित्रपटातील घराचा प्रश्न मुंबईच्या उत्तर सीमेवर आज खरोखरीच जगला जात आहे. तेथे ही कसोटी लावून पाहता येईल. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी वस्तीची जुनी गावे आहेत. मेट्रोच्या नवव्या मार्गाच्या कारशेडला येथील ग्रामस्थांनी अलीकडच्या वर्षांत केलेला विरोध वृत्तपत्रांतून गाजला आहे. याच पट्ट्यात धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी खाडीपलीकडची वसई घेतली. आता कोणी कथाकाराने चिमाजी अप्पांना मुर्ध्याच्या रस्त्यावर उभे केले, तर त्यांनी काय ऐकावे? गाडीला ‘गारी’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणणारी आगरी बोली. पुढे उत्तनच्या ख्रिस्ती वस्तीतील मराठी. नव्या इमारतींच्या दारांशी हिंदी. आणि या सगळ्यांच्या तोंडी ‘पगार’, ‘चावी’, ‘बादली’ हे ज्यांना त्यांनी वसईत हरविले त्या पोर्तुगीजांचे शब्द, इतके मुरलेले की उद्या कोणी भाषाशुद्धीचा हट्ट धरला तरी पगार सोडावयास कोणी तयार होणार नाही.

हे सारे चिमाजी अप्पांच्या कानांनी ऐकणारी कथा लिहिणे अवघड आहे. दोन शतकांची दफ्तरे चाळावी लागतील, आणि मुर्ध्याच्या ओटीवर बसून म्हाताऱ्यांचे बोलणेही टिपून घ्यावे लागेल. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आजचा इतिहासकार पानिपत जिंकलेल्या पर्यायी जगात नेला, तेव्हा तेथील व्यवहार आजच्याहून निराळे कसे असतील याचा तपशील त्यांनी मेहनतीने रचला होता. ‘मी शिवाजीराजे’च्या कर्त्यांनी वेशभूषेसाठी घेतलेल्या कष्टांचा एक अंश जरी संवादांसाठी राखून ठेवला असता, तरी राजांच्या पहिल्याच वाक्यावर दिनकरला ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागले असते.