मळ्याचा अभंग आणि त्याचा शेवटचा चरण

सावता महाराजांचा मळ्याचा अभंग ठाऊक नाही असा वारकरी सापडणे कठीण. सप्ताहातल्या कीर्तनात तो निरूपणाला येतो तेव्हा बहुधा एकच सिद्धान्त सांगितला जातो: काम हाच देव, मग पंढरीला जायची गरज काय? हा अर्थ सोपा आहे, पण अभंगाला तो पुरत नाही. अभंग शेवटच्या चरणापर्यंत नेला, तर सावतोबा वेगळेच काही सांगताना दिसतात.

आधी मळा पाहू. माढा तालुक्यातले अरण हे बेभरवशाच्या पावसाच्या मुलखातले गाव. जिरायत शेतकरी मृगाच्या ओलीवर पेरणी उरकतो आणि आषाढीला मोकळा होतो. भाजीच्या मळ्याला अशी सवड नसते. कोथिंबीर, मुळा दीड महिन्यात काढणीला येतात. एक वाफा रिकामा होतो तोवर दुसरा तयार ठेवावा लागतो. आषाढात पावसाळी कांद्याचे रोप कोवळे असते. कार्तिकीच्या सुमारास लसणाच्या पाकळ्या लावायच्या आणि रब्बी कांद्याचे रोप टाकायचे असते. दोन्ही एकादश्या मळ्याच्या नाजूक वेळेवर येतात. त्यात पाणी मोटेचे. एकाने धावेवर बैल हाकायचे, दुसऱ्याने वाफ्यात उभे राहून दारे धरायची. वेळेला पाणी चुकले की रोप मान टाकते. पंढरपूर अरणहून फार लांब नाही, तरीही सावतोबा तिथे गेले नाहीत असे परंपरा सांगते. हाकेच्या अंतरावरची पंढरी आणि पाय मात्र वाफ्यात! अशा माणसाने भाजीलाच विठ्ठलाचे आईपणाचे नाव द्यावे, यात पंढरीची उपेक्षा कशी दिसेल? मला तर त्यात ओढ दिसते.

आता अभंगाची रचना पाहावी. आधी येते ते मातीत उगवलेले पीक. मग येते पाणी काढण्याचे साहित्य, मोट आणि तिचे दोर. मग या सगळ्याला पंढरीनेच व्यापले आहे असे ते म्हणतात. पीक देवाचे म्हणणे सोपे आहे, ते डोळ्यांना हिरवे दिसते. पण तळहाताला घट्टे पाडणारा नाडाही देवाचाच म्हणायला वेगळी नजर लागते. आणि शेवटच्या चरणात, मळा उभा केल्याचे सांगून, सावतोबा आपली मान विठ्ठलाच्या पायांशी गुंतवून टाकतात. दोरांचा उल्लेख होऊन गेल्यावर हे गुंतणे येते, हे विसरू नये. मोटेच्या बैलाची मान जुवाला, माळ्याची मान विठ्ठलाच्या चरणांना. सगळा अभंग या एका गाठीवर उभा आहे. ही गाठ सोडली तर उरते ती बाजारात न्यायच्या भाजीची यादी.

अभ्यासू वाचक एक शंका काढतात. या अभंगात मिरचीचे नाव आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या मार्फत. सावतोबांची समाधी शके १२१७ची, म्हणजे इ. स. १२९५ची. मग हा अभंग त्यांचा नव्हे का? त्यांचे अभंग काशीबा गुरवांनी लिहून ठेवले असे परंपरा मानते. पुढे शतकानुशतके ते तोंडोतोंडी गायले गेले. गाता गाता कुणा माळ्याने आपल्या वाफ्यातले पीक त्यात लावले असावे. त्याने बिघडले काय? यादीतले एक नाव बदलले तरी अभंग टिकतो. ती शेवटची गाठ सुटली असती, तर मात्र टिकला नसता.

म्हणून निरूपणात हा चरण गाळू नये. तो गाळला की सावतोबांचे नाव दोन चुकीच्या कामांना लागते. आम्ही कामातच देव पाहतो असे म्हणत नामही न घेणारा त्यांचा आधार घेतो. आणि केलेल्या वाऱ्या मोजणारा आपण, दिंडीच्या वाटेवर मेथीच्या वाफ्यात वाकलेल्या बाईला वारीबाहेरची समजतो. पहिल्याला शेवटचा चरण विचारतो, मान कुठे गुंतली आहे? आपल्याला तो विचारतो, नुसती पावले चालली की मानही गुंतली?

सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. सावतोबांच्या भेटीसाठी मात्र पांडुरंगाचीच पालखी आषाढ वद्यात अरणला जाते. ज्याला मळा सोडता आला नाही, त्याच्याकडे देवाने जावे, ही रीत आपल्याच संप्रदायाने जपली आहे. पुढच्या वर्षी वाटेत मळा लागला, तर वाफ्यातल्या माणसालाही माउली म्हणून हात जोडावेत.

रामकृष्ण हरी.