इंजिनाचा खर्ज

आपल्याकडे नाटकाला समीक्षक आहेत, गाण्याला आहेत, शेजारच्या सुनेच्या पुरणपोळीला तर दोन विंगा भरून आहेत. पण गिअरबॉक्सला अजून कोणी समीक्षक लाभलेला नाही. मोटारीबद्दल आम्ही मुलुंडकर वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आलो : लिटरला किती देते? अलीकडे त्याला एक धाकटा भाऊ झाला आहे : शंभरला किती दाखवते? म्हणजे गाडी ताशी शंभर किलोमीटरनं चालली असताना इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, किती आरपीएम.

हा प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण तो पडायला काटाच नव्हता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्यात वेगाचा काटा होता, पेट्रोलचा होता, पण फेऱ्यांचा नव्हता. सुरुवातीच्या त्या गाडीला गिअर चारच, चाकं बारा इंची. शंभरला तिचं इंजिन चार हजारांच्या घरात फिरत असणार. पण ते दिसत नव्हतं, त्यामुळे माणसं सुखानं शिर्डीला जाऊन येत. आता छोट्या गाडीतही काटा आला आणि ब्लडप्रेशरच्या यंत्रासारखं झालं. यंत्र घरात येईपर्यंत सगळे ठणठणीत असतात.

आमच्या सोसायटीत एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन लहान गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक सेक्रेटरींची, क्लचवाली. दुसरी तळमजल्यावरच्या काकांची, ऑटोमॅटिक. काकांनी ती घेतली डाव्या गुडघ्यासाठी. लाल बहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी सहा वाजता भांडुपहून मुलुंडला येताना क्लच किती वेळा दाबावा लागतो हे ज्यानं मोजलं, तो पुढे मोजायच्या स्थितीत राहिला नाही. तर सेक्रेटरींचं म्हणणं, ऑटोमॅटिक गाडी हायवेला उगाच ओरडते, इंजिनाची खराबी होते. काकांचं म्हणणं, ऑटोमॅटिकला अक्कल असते, ती कमी फेऱ्यांत काम भागवते. शेवटी दोघांनी ऐरोली पुलावरून कळंबोली गाठली, एक्सप्रेसवेवर चढून आपापल्या गाडीचा काटा शेजारी बसलेल्यांना वाचायला लावला आणि संध्याकाळी आकडे जुळवले. याची तीन हजार, त्याची तीन हजार. इतकी निराशा मी सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा पाहिलेली नाही.

खरं म्हणजे निराश होण्याचं कारण नव्हतं. काकांच्या गाडीतलं ते ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. २०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन थांबलं आणि फेब्रुवारीत सेलेरिओबरोबर ही युक्ती आपल्याकडच्या छोट्या गाडीत आली. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो : तेच दाते, तीच चाकं, तोच क्लच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत एक यंत्र बसवलेलं असतं. माणूस तोच, नोकर ठेवला इतकंच. मग पाचव्या गिअरमध्ये शंभरला फेरे वेगळे कसे पडतील? हिशेब अगदी दुसरीतला आहे. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर जातं. शंभरच्या वेगाला मिनिटात सव्वानऊशेच्या आसपास फेरे झाले. पाचव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सव्वातीन फेरे पडतात. करा गुणाकार. त्यात ड्रायव्हरचा गुडघा कुठेच येत नाही.

हा नोकर गिअर बदलताना क्षणभर विचार करतो, हा त्याचा दोष. गाडी जरा थबकते, पुन्हा सरकते, आणि आत बसलेले चौघेही एकदम मान डोलावतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आत मैफल रंगली आहे. गावात यात गंमत आहे. पण एकेरी रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करताना समोरून ट्रक दिसत असेल, तर त्या क्षणभराची गंमत वाटत नाही. क्लचवाला माणूस आधीच खालचा गिअर टाकून तयार बसतो. एएमटीला तुमच्या मनातलं तुम्ही ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत कळत नाही. तिला एम नावाचा खण दिलेला आहे, तिथे दांडा नेऊन गिअर हातानं बदलता येतो. काकांना तो एम ‘मुंबई’चा वाटत होता.

ऑटोमॅटिकची बदनामी झाली ती मात्र फुकट नाही. पूर्वी झेनमध्ये जे ऑटोमॅटिक मिळे त्याला गिअर तीन. तिसऱ्यावरच सगळा संसार म्हटल्यावर हायवेला इंजिनानं टिपेचा सूर लावायचाच. उलट सीव्हीटी नावाचा प्रकार पाहा. त्यात गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवलात तर शंभरला ती दोन हजारांच्या आसपास गुणगुणते. पण पाय दाबलात की आवाज आधी जातो आणि गाडी मागून येते. साथीदार द्रुत लयीत पोचला आणि गवई अजून पानाला चुना लावतोय, असा काहीसा प्रकार.

आता तीन हजार म्हणजे ओरडणं का? तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला पंचाहत्तर स्फोट होतात. पेटीवर पांढरी दोन हा सा धरला, तर हा जवळजवळ खालच्या सप्तकातला षड्ज झाला. चांगला घुमारेदार खर्ज आहे! काट्यावरची लाल रेघ सहा हजारांच्या पुढे असते. म्हणजे गायक अजून मध्य लयीतच आहे. आवाज जास्त वाटतो कारण पत्रा पातळ आणि आवाज अडवणारं अस्तर बेताचं. दोष घराच्या भिंतींचा आणि शिव्या गवयाला.

मग पाचवा गिअर आणखी लांब ठेवून दोन हजारांतच शंभर का काढत नाहीत? कारण लिटरभराच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा पुरा जोर साडेतीन हजारांच्या आसपास लागतो. आणि आपल्या गाडीत बसतात पाच माणसं, मांडीवर एक मूल, डिकीत देवाचं सामान आणि हापूसच्या पेट्या. शिवाय आपली सवय : टॉप एकदा टाकला की चेकनाका येईपर्यंत काढायचा नाही, वेग चाळीसवर आला तरी नाही. लांब पाचवा दिला असता तर पहिल्या चढाला गाडीनं हात टेकले असते आणि आपण कंपनीला पत्र लिहिलं असतं. तेव्हा हा आखूड पाचवा आपल्याच स्वभावाला बेतून शिवलेला आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. गाडीच्या माहितीपत्रकात पडदा किती इंची, दिव्यांची भुवई कशी, कापडाचा रंग कोणता, याची वर्णनं कादंबरीसारखी वाचावीत. पण शंभरला फेरे किती, हा आकडा सहसा नसतो. लग्नाच्या जाहिरातीत उंची, गोत्र, पगार सगळं द्यावं आणि स्थळ झोपेत घोरतं का हे झाकावं, त्यातलाच प्रकार.

फेऱ्यांची ही भीती घाटात मात्र जिवावर बेतते. पुण्याहून येताना खंडाळ्यानंतर उतार लागला की फेरे आणि पेट्रोल दोन्ही वाचवायचं म्हणून सभ्य, शिकलेली, विमा उतरवलेली माणसं गाडी न्यूट्रल करतात. काटा खाली येतो, जीव शांत होतो, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापत जातात, तापले की पकड सोडू लागतात. बरं, पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवायला थोडं पाजावं लागतं.

काका आता घाट सुरू होण्याआधी दांडा एमवर नेऊन तिसरा धरतात. साठला काटा जवळजवळ पुन्हा त्या तीन हजारांवरच येतो आणि इंजिन घुमू लागतं. मागच्या सीटवरून काकूंचा प्रश्न ठरलेला, “अहो, काहीतरी बिघडलंय का?”

“नाही,” काका म्हणतात, “ब्रेक लावतोय.”