माळवदाचा दोष आणि भिंतीचा अपराध

भूकंपाचे सामर्थ्य भूपृष्ठावरील उलथापालथीवरून अजमावण्याकडे मनाचा स्वाभाविक कल असतो. २०१८ च्या ६ सप्टेंबर रोजी जपानमधील होक्काइदो बेटाला ६.६ प्रतीचा धक्का बसला, तेव्हा हजारो दरडी कोसळून अत्सुमा परिसरातील डोंगरांचे रूपच पालटले. तेथील मृतांची संख्या चाळीसच्या आसपास होती आणि त्यांतील बहुतेक दरडींखाली गाडले गेले. याउलट, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीस झालेला भूकंप सुमारे ६.२ प्रतीचा असूनही जमिनीवर मीटरभराहून कमी उंचीचे तुटक उंचवटेच उमटले. तरीही ८,००० ते १०,००० माणसे दगावली. मराठवाड्यात भूकंपाचा लेख भूमीवर नव्हे, तर घरांवर लिहिला गेला.

या लेखाचे वाचन मात्र सदोष झाले. जड माळवदानेच माणसे मारली, असा समज रूढ झाला. माळवदावरील मातीचा थर धोकादायक होता, हे निर्विवाद. तथापि लाकडी खांब-तुळयांचा खण अनेक ठिकाणी उभा राहिला आणि त्याभोवतीची भिंत ढासळली, हे पाहणीत आढळून आले. ही भिंत दिसावयास दोन-अडीच फूट जाड. वस्तुतः ती दोन स्वतंत्र अंगांची, मध्ये दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही अंगे जखडणारे आरपार दगड तीत नसल्याने धक्का बसताच ती उकलली. जाडी म्हणजे बळकटी, हा भ्रम येथे प्राणघातक ठरला.

या भेदास आजही महत्त्व आहे. बीड जिल्ह्यातील नांदूरघाट किल्लारीच्या वायव्येस, त्याच दगडमातीच्या गृहपरंपरेच्या प्रदेशात आहे. अशा गावी माळवद काढून जुन्याच भिंतीवर स्लॅब घातला, तर दोष निवारला जात नाही. तो केवळ दृष्टीआड होतो. भिंतीत आरपार दगड बसविणे, कोपरे बांधून घेणे, सर्व भिंतींना कवळणारा सलग पट्टा घालणे आणि माळवदावरील माती कमी करणे, हे उपाय परंपरेचा त्याग मागत नाहीत.

१९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत सुरक्षित गणलेल्या पट्ट्यात होता. यास्तव नकाशावरील रंगापेक्षा भिंतीच्या पोटात काय आहे, याची परीक्षा अगोदर झाली पाहिजे.