शेवट तेवढा नको होता!

सिनेमा पाहणं सोपं. पाहून गप्प बसणं महाकठीण! शिरूरकरांचं मत आटोपशीर असतं. 'बघण्यासारखा', नाहीतर 'पैसे पाण्यात'. पाणी अर्थात घोड नदीचं. दौंडकरांचं तसं नाही. पडलं जंक्शनचं गाव! मनमाडच्या गाड्या इथे वर्षानुवर्षं इंजिन फिरवून उलट्या दिशेनं निघत आल्या, मतांचंही तेच. चहा येईतो 'झकास' असलेला सिनेमा कप रिकामा होईतो 'भिकार' झालेला असतो.

'सैराट' (२०१६) आला तेव्हा मात्र दोन्हीकडे मी एकच मत ऐकलं. गाणी फक्कड, आर्ची-परश्या लाखात एक, शेवट तेवढा नको होता! भाजीत मीठ तेवढं जास्त पडलं, अशा सुरात.

आता गंमत पाहा. नागराज मंजुळ्यांनी तो चित्रित केला करमाळ्याकडे. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसावं, जेऊरला उतरावं, इतकं जवळ. पूर्वार्धात त्यांनी आपल्याला खुर्चीतून उठवून नाचवलं आणि शेवटी? संगीताचा एक सूर नाही. नुसती एका चिमुरड्याची रक्तानं उमटलेली पावलं. त्यांच्या आधीच्या 'फँड्री'त तर अखेरचा दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

म्हणून 'शेवट नको होता' हे परीक्षण मला सर्वांत खरं वाटतं. तक्रार रास्तच आहे हो, पत्ता तेवढा चुकला. शेवट बदलून हवा ना? मग अर्ज दिग्दर्शकाकडे कशाला? आपल्याच चावडीवर द्या!