दोन ग्रंथ, एक रूपक

रूपक हा केवळ अलंकार आहे. त्यानें विचाराला शोभा येते, पण विचार बदलत नाहीं, असें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. तें मत आज आम्हांस मागें घ्यावयाचें आहे. एखादें रूपक चुकीच्या जागीं योजिलें गेलें म्हणजे असंख्य मातांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागतें, हें ज्या दोन ग्रंथांवरून आमच्या ध्यानांत आलें त्यांचा परामर्श येथें घेण्याचें योजिलें आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत आहेत. दोन्ही १९६७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाले. दोहोंचा विषय एकच. आणि नवल हें कीं, दोहोंच्या नांवांत चित्रही एकच आहे : किल्ल्याचें.

विषय आहे स्वमग्नता. ‘ऑटिझम’ या शब्दाला हा मराठी प्रतिशब्द आतां रूढ झाला आहे. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं ११ मुलांचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हें नांव अशा मुलांना मिळालें. त्यांतील कोणी उशिरां बोलतें, कोणी मुळींच बोलत नाहीं, कोणी बोलतें तें अगदीं पुस्तकी. दुसऱ्याच्या नजरेला नजर देणें त्यांस जड जातें. नित्यक्रमांतील लहानसा बदल त्यांस असह्य होतो. मिक्सरचा आवाज, सदऱ्याची शिवण, दिव्याचा लखलखाट यांचा त्यांस इतका त्रास होतो कीं, इतरांना तें सोंग वाटावें. उलट एखाद्या विषयांत मन रमलें म्हणजे तहानभूक हरपते. हा आईबापांच्या वागणुकीचा परिणाम नव्हे. मेंदूची घडणच मुळांत निराळी असते आणि माणूस तिच्यासह जन्मभर जगतो, हें आज शास्त्रानें मान्य केलें आहे. १९६७ सालीं तें सर्वमान्य नव्हतें.

पहिला ग्रंथ ब्रुनो बेटलहाइम यांचा ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे ओस पडलेला किल्ला. ग्रंथकर्ते शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूल या निवासी शाळेचे संचालक होते. ग्रंथाचा गाभा तीन मुलांच्या हकीकतींचा आहे. त्यांतील जोई नांवाचा मुलगा स्वतःस विजेवर चालणारें यंत्र समजतो. त्याची कथा एकदां वाचली कीं विसरत नाहीं. लेखणींत विलक्षण बळ आहे, आणि तेथेंच धोका आहे. बेटलहाइम हे १९३८-३९ सालीं डाखाउ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत कैदी होते. छळ सोसवेनासा झाला म्हणजे माणूस जगाकडे पाठ फिरवून आंतल्या आंत कसा मिटून जातो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें स्वमग्न मूल पाहतांच त्यांस तोच कैदी आठवला. येथवर ही उपमा आहे, आणि ती हृदयद्रावक आहे. परंतु उपमेचें एक अंग जुळलें म्हणून सर्व अंगें जुळलींच पाहिजेत, हा हट्ट त्यांनीं धरला. कैदी आहे म्हणजे पहारेकरी असलाच पाहिजे. मग पाळण्यांतल्या मुलाचा पहारेकरी कोण? आई! तिच्या मनांत मूल नसावेंच अशी सुप्त इच्छा होती आणि म्हणून मुलानें तट उभारला, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. अलंकारानें येथें पुराव्याची जागा घेतली.

उलट पुरावा तेव्हांही अगदींच नव्हता असें नाहीं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा एका मुलाचा पिता होता, १९६४ सालींच आपल्या ग्रंथांत या अवस्थेचें मूळ शरीरांत शोधलें पाहिजे असें प्रतिपादिलें होतें. १९७७ सालीं सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही भावंडें स्वमग्न आढळलीं. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांपैकीं एकाही जोडींत तसें आढळलें नाहीं. जोड्या थोड्या होत्या, पण अनुवंशाची दिशा स्पष्ट दिसली. स्वतः कॅनर, ज्यांच्या लेखनांत पालकांच्या थंडपणाचे उल्लेख आले होते, त्यांनीं १९६९ सालीं पालकांच्या सभेंत त्यांस जाहीरपणें दोषमुक्त केलें. तरीही हा आरोप पुढें कित्येक वर्षें टिकून राहिला. आंकडे विसरले जातात, चित्र विसरलें जात नाहीं.

दुसरा ग्रंथ क्लारा क्लेबोर्न पार्क यांचा ‘द सीज’, म्हणजे वेढा. या बाई डॉक्टर नव्हत्या. इंग्रजी साहित्याच्या अध्यापिका होत्या आणि चार मुलांच्या आई होत्या. ग्रंथांत जिला एली म्हटलें आहे ती धाकटी मुलगी १९५८ सालीं जन्मली. तिच्या पहिल्या आठ वर्षांची ही हकीकत आहे. आरंभींच एक लहानगी जमिनीवरच्या एका ठिपक्याभोंवतीं स्वतःशींच प्रसन्नपणें फिरत असलेली दिसते. तिला कांहीं नको आहे, कोणी नको आहे. ती दुःखी असती तर आई तिला जवळ घेती. परंतु जी सुखांत आहे तिला कोणत्या अधिकारानें हालवावयाचें? हा प्रश्न बेटलहाइम यांस पडलाच नाहीं, कारण त्यांस उत्तर अगोदरच ठाऊक होतें. पार्कबाई विचारतात, थांबतात, पुन्हां पाहतात. मुलगी स्वतःच्या हातानें वस्तु न उचलतां दुसऱ्याचा हात धरून त्याच्याकडून काम करवून घेते. तेव्हां तिला तें येत नाहीं कीं करावयाचें नाहीं, हा पेंच त्या पानोपानीं सोडवूं पाहतात. ज्या संस्थेंत मुलीला दाखविलें तेथील तज्ज्ञांनीं सर्व ऐकून घेतलें आणि हातीं जवळजवळ कांहींच दिलें नाहीं. तो प्रसंग बाईंनीं आदळआपट न करितां लिहिला आहे, म्हणूनच तो जिव्हारीं लागतो. थंड कोण होतें, आई कीं तज्ज्ञ, हें वाचकानें ओळखावें.

गडकिल्ल्यांच्या देशांत वाढलेल्या आम्हां मराठी वाचकांस वेढा म्हणजे काय तें सांगावयास नको. वेढा घालणारा हा शत्रु. रसद तोडावी, सुरुंग लावावा, शिबंदी उपाशी मारावी, हें त्याचें काम. पार्कबाईंनीं हें चित्र उलटें केलें. येथें वेढा घालणारी प्रेमानें तटाखालीं बसली आहे आणि रसद तोडण्याऐवजीं ती वर पोहोंचवूं पाहत आहे. रूपकाचें हें रूपांतर आम्हांस फार मोलाचें वाटतें. तथापि त्यांत एक अडचण राहतेच. वेढ्याचा शेवट गड पडण्यांत व्हावयाचा. आणि गड पडावा असें तर या आईलाही वाटत नाहीं. बाईंना ही अडचण जाणवली असावी, कारण २००१ सालीं त्यांनीं या कथेचा दुसरा भाग लिहिला तेव्हां नांवांतून किल्ला गेला आणि ‘एक्झिटिंग निर्वाना’, म्हणजे निर्वाणांतून बाहेर पडणें, असें नांव आलें. आमच्याकडील वाचक येथें क्षणभर अडखळतो. आपल्याकडे निर्वाण हें साधनेच्या अंतीं लाभतें. बाईंनीं तें आरंभींच्या निरिच्छ सुखाला उद्देशून म्हटलें आहे. एवढें मात्र खरें कीं, पूर्वींच्या भिंतीच्या जागीं आतां सुख आलें, आणि कैद्याच्या जागीं एक प्रौढ स्त्री आली, जी कॉलेजच्या टपालखोलींत नोकरी करते आणि स्वतःच्या रंगसंगतीचीं चित्रें काढते.

परंतु येथवर बोलले ते सारे तटाबाहेरचे. आंतून कोणी बोललें काय? बोललें, आणि त्यानें दोन्ही ग्रंथांचें रूपकच मोडीत काढलें. १९८६ सालीं टेंपल ग्रँडिन या स्वमग्न विदुषीचें आत्मकथन निघालें. १९९३ सालीं जिम सिंक्लेअर यांनीं ‘डोण्ट मोर्न फॉर अस’ हा लहानसा निबंध लिहिला. सिंक्लेअर स्वतः स्वमग्न. निबंध पालकांना उद्देशून. त्याचा आशय असा : स्वमग्नता हें एखादें कवच नव्हे कीं ज्याच्या आड दुसरें, सर्वसामान्य मूल लपलें आहे. तुम्ही ज्याच्यासाठीं शोक करितां तें मूल कधीं अस्तित्वांतच नव्हतें. जें समोर आहे तें तुमची वाट पाहत आहे. म्हणजे किल्ला नव्हताच! ज्याला आपण तट समजून धडका देत होतों ती त्या माणसाची कातडी होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ज्या घरीं मूल बोलत नाहीं, रात्रभर झोंपत नाहीं, स्वतःचें डोकें भिंतीवर आपटून घेतें, त्या घरच्या आईला या निबंधानें काय मिळावयाचें? रूपक बदललें म्हणून जागरण हलकें होत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे, आणि सिंक्लेअर यांनींही मदतीची गरज नाकारलेली नाहीं. म्हणूनच हीं दोन पुस्तकें एकत्र वाचावींत असें आमचें मत आहे : पार्कबाईंच्या ग्रंथांत आईचे श्रम आहेत, सिंक्लेअर यांच्या निबंधांत मुलाचा मान आहे. एकाला सोडून दुसरें घेतलें तर दोन्ही अर्धवट राहतात.

आपल्या भाषेकडेही या दृष्टीनें पाहावयास हवें. ‘स्वमग्न’ या शब्दांत एक बारीकसा आरोप आहे : हा आपल्यांतच बुडाला आहे, याला इतरांची पर्वा नाहीं. वस्तुतः असा माणूस पुष्कळदां स्वतःपेक्षां पंख्याच्या आवाजांत, आगगाडीच्या वेळापत्रकांत, फरशीवरल्या नक्षींत अधिक मग्न असतो. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत या अवस्थेस स्थान मिळालें आहे, आणि तिचें मराठी नांव आतां बदलेल असें नाहीं. वापरतांना आपण सावध असावें, इतकेंच.

दुसरी एक जात अशीच शब्दांनीं गांजलेली आहे. १८४५ सालीं फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिक हॉफमान यांनीं मुलांसाठीं ‘श्ट्रुव्वेलपेटर’ हें चित्रपुस्तक काढलें. पुढें वाढत गेलेल्या त्या पुस्तकांत एक चुळबुळ्या फिलिप आहे. जेवतांना तो खुर्ची झुलवितो आणि शेवटीं चादरीसकट सारें जेवण जमिनीवर आणतो. बाप रागावतो, आई मुकाट्यानें पाहते, वाचक हंसतो. फिलिपला कोणी कांहीं विचारीत नाहीं. आज अशा मुलांस एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता, हें नांव आहे. हीं दोन्ही लक्षणें कित्येकदां एकाच माणसांत नांदतात. असें असूनही अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तींत एकास दोन्ही नांवें देण्यास मनाई होती; ती २०१३ सालच्या आवृत्तीनें उठविली. एक मन क्रम मोडला तर व्याकुळ होतें, दुसरें तोच क्रम क्षणोक्षणीं मोडतें, आणि दोन्ही मनें एकाच्याच ठायीं : असें जगणें किती दमवणारें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या हातून घडलेली एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. पूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. तो सतत पाय हालवी, प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देई, मध्येंच उठून व्हरांड्यांत फेऱ्या घाली. निबंध वेळेवर कधींच देत नसे; पण एकदां एकाच शब्दाच्या व्युत्पत्तीवर त्यानें चाळीस पानें लिहून आणलीं. आम्हीं तीं चाळीस पानें बाजूस ठेवून उशिराचे गुण कापले. पुढें त्याच्या आईस बोलावून, “तुम्हीं याचे फार लाड केलेत,” असें सुनावलें. त्या माउलीनें मान खालीं घालून ऐकून घेतलें. गेल्या वर्षीं त्याचें पत्र आलें. तिशी उलटल्यावर त्यास वरील दोन्ही नांवें मिळालीं होतीं. त्यानें लिहिलें होतें कीं, नांव मिळालें तेव्हां सबब मिळाली असें वाटलें नाहीं, आपण आळशी व उद्धट नव्हतों एवढें कळलें. आणि तें कळेपर्यंत आई जगली नाहीं. बेटलहाइम यांचा ग्रंथ आम्हीं तेव्हां वाचलेला नव्हता. न वाचतांही आम्हीं त्यांचाच निकाल दिला होता.

त्या पत्रास आम्हीं उत्तर पाठविलें आणि तुला त्या वेळीं काय हवें होतें, असें विचारलें. त्याची यादी लहानशी होती. सूचना तोंडी न देतां लिहून द्याव्यात. पंख्यापासून व दारापासून दूर एक ठराविक जागा असावी. परीक्षेंत थोडा जादा वेळ मिळावा. व्हरांड्यांत फेरी मारण्यास परवानगी मागावी लागूं नये. आणि आईला कांहीं बोलूं नये. यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नव्हता.

मराठींत या विषयावर माहितीपर लेखन होत आहे, तें स्वागतार्ह आहे. परंतु पार्कबाईंच्या तोडीचें, तारीखवार पाहून आणि निकाल राखून ठेवून लिहिलेलें एखाद्या आईचें पुस्तक, आणि त्याच्या शेजारीं ठेवावें असें त्या मुलाच्या लेखणींतून उतरलेलें दुसरें पुस्तक, हीं आम्हांस वाचावयाचीं आहेत. तीं लिहिलीं जावयाचीं तर वाचक अगोदर तयार हवा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानदेव श्रोत्यांजवळ अवधान मागतात. दरडावीत नाहींत, मागतात. आम्हीं मात्र तें तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून वसूल केलें आणि त्या एका मुलाला स्वतः कधीं दिलें नाहीं. चालूं सत्रापासून सूचना लिहून देण्यास आम्हीं आरंभ केला आहे. व्हरांड्याकडील दारही आतां उघडें असतें.